नवदुर्गा, सातशे टन

रेबेलो वकील म्हणाले, जामिनाच्या अर्जात तीन गोष्टी लागतात.
वय, आजार आणि मुळं.

वय एकाहत्तर. जन्मदाखला पोर्तुगीजमधला,
त्याची नक्कल मी डिचोलीला रांगेत उभी राहून काढली.
आजार साखरेचा. डॉक्टरनं सही केली,
फी घेतली नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही.
त्याच्या सासूचे चार लाख होते.

मुळं म्हणजे काय, मी विचारलं.
म्हणजे आरोपी, चुकलो, दोषी ठरलेला इसम
पळून जाणार नाही, हे दाखवणारं काहीही.
घर. भाट. देवळातलं महाजनपण.
मी सांगितलं, घर गहाण आहे, भाट जप्त.
देवळात नाव आहे अजून, संगमरवरी पाटीवर;
पालखी मात्र आमच्या दारापाशी
थांबायची ती हल्ली भरभर पुढे जाते.
'लिहू ना,' ते म्हणाले, 'पाटीचं लिहू.'

पळणं बाबांना जमलंच नसतं.
तीस वर्षं ते सारमानसच्या धक्क्यावर बसून
दुसऱ्यांच्या बार्जी मोजत होते,
किती टन आले, किती गेले, कुठली कितव्या खेपेला.
मग खाणी बंद झाल्या.
मोजायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी
एक बार्ज कागदावर बांधली.
नवदुर्गा, सातशे टन.
हिस्से सोळा. विकले एकेचाळीस जणांना.
दर पाच तारखेला नफा पोचता, दोन वर्षं,
नव्याचे पैसे जुन्याच्या पाकिटात.
त्या वहीतली समासाची लाल रेघ
मी मारून दिली होती, फूटपट्टी धरून.
खटल्यात ते कुणी विचारलं नाही.

पर्वरीला मागच्या बाकावर कॉन्सेसांव बसली होती,
प्रत्येक तारखेला असते, मासळीची पाटी सुनेवर टाकून.
तिनं पिशवी उचलून मला जागा दिली.
'भायर येवंदी गे तो,' पुटपुटली,
'आंत बसून म्हजे पयशे कसो दितलो?'

सुनावणी चार मिनिटं.
सरकारी वकील म्हणाले, एकेचाळीस कुटुंबं.
रेबेलो म्हणाले, शिक्षा पाच वर्षांची,
अपिलाचा नंबर लागायला सात लागतील.
अपिलात हा माणूस निर्दोष ठरला
तर ती पाच वर्षं याला कोण परत करणार?
माझ्या मनात आलं, आणि दोषी ठरला तर?
न्यायमूर्तींनी कॅलेंडर पाहिलं. सोमवारपासून सुट्टी.
निर्णय राखून ठेवला.
ठेवायची गोष्ट कुठेतरी ठेवतात,
तसं काहीसं मला वाटलं,
कपाटात, खणात, वरच्या फळीवर.

जामीनदार अजून मिळालेला नाही.
दत्ताराम टॅक्सीवाला हो म्हणाला होता,
मग त्याच्या बायकोचा फोन आला.

दुपारी कोलवाळला गेले.
काचेपलीकडे बाबा, कॉलर सैल झालेली.
मी सगळं तयार करून गेले होते,
राखून ठेवला म्हणजे फेटाळला नव्हे, वगैरे.
त्यांनी फोन कानाला लावला
आणि विचारलं,
'जून लागीं आयलो. नवदुर्गा वयर काडली मगे?'

सकाळीच मी नोटरीसमोर सही केली होती,
वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे म्हणून.
बोटाला शाई होती अजून.

काढली, मी म्हटलं.
तळाला थोडा गंज होता, खरवडायला सांगितलाय.
तांबडा रंग देतील.

'तांबडो न्हय गे,' ते चिडले, धक्क्यावर चिडायचे तसे,
'तळाक डांबर जाय. कितें शिकयलें तुका?'
आणि वेळ संपायच्या आधीच
त्यांनी फोन ठेवला.